तक्क्यातली शाळा

टी-शर्ट आधी काढा. त्याच्या पाठीवर छापलेलं 'व्हीबीएस', म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल, इथे कुणाला वाचता येणार नाही, आणि वाचलं तरी कळणार नाही. तुमच्या मंडळीचा तरुण संघ दर मे महिन्यात जीप भरून खेड्यात जातो, पाच दिवस मुलांना गोळा करतो, हातवारे करत गाणी म्हणतो, रंगीत कार्डं वाटतो, शेवटच्या दिवशी वडापाव देतो. यातलं काहीच अजून जन्माला आलेलं नाही. सुट्टीतल्या मुलांना बायबल शिकवायचं न्यूयॉर्कच्या एका बाईंच्या मनात येईल ते १८९८ साली, आणि त्यासाठी त्या भाड्याने घेतील ती जागा चक्क बिअरच्या गुत्त्याची असेल. आज १८७६चा जानेवारी आहे. तुम्ही नगरहून निघालेल्या बैलगाडीत आहात.

अंगाखाली कडब्याची पेंढी ओढून घ्या, नाहीतर इमामपूरच्या घाटात हाडं खिळखिळी होतील. नगरला आगगाडी यायला अजून दोन वर्षं आहेत. जेऊर मागे पडलं, पुढे घोडेगाव, आणि त्यापुढे वडाळा. पंचवीस-सव्वीस मैलांचा हा रस्ता तुम्ही एरवी तासाभरात कापता, तोही फोनकडे बघत. आज सगळा दिवस जाणार आहे. दोन्ही बाजूंना शाळू उभा आहे, कणसं हुरड्याला आली आहेत. मधल्या माळावर एक मोठा, उंच मानेचा पक्षी सावकाश चालतोय. नीट बघून घ्या. तो माळढोक आहे, आणि तुमच्या काळात तो तुम्हाला इथे दिसणार नाही.

गाडीत तुमच्याशिवाय दोघं आहेत. एक उपदेशक, मांडीवर एकतारी आडवी धरून पेंगणारे. दुसऱ्या बायबल बाई. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. विधवा नाहीत, नवरा मिशनच्या शाळेत मास्तर आहे, तरी कुंकू नाही. रस्त्यात भेटणारी प्रत्येक बाई आधी त्यांच्या कपाळाकडे बघते आणि मग त्यांच्याकडे. त्यांना आता त्याचं काही वाटत नाही, किंवा वाटलं तरी त्या दाखवत नाहीत. त्या शिकल्या नगरला, मिस फरारच्या शाळेत. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईच्या बंदरात उतरल्या. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने लग्न न झालेल्या ज्या बायका परदेशी पाठवल्या, त्यांतल्या या अगदी पहिल्यांपैकी. पुढे त्या नगरला आल्या आणि १८६२मध्ये वारल्या. त्यांची शाळा पाहूनच पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनात आलं, असं जोतीराव फुल्यांनीच सांगून ठेवलंय. म्हणजे समोर बसून पानाला चुना लावणाऱ्या या बाई कुठल्या झाडाची फांदी आहेत, ते ओळखा.

गाडीच्या मागच्या बाजूला दोन पेट्या आहेत. एकीत प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका, लूकच्या शुभवर्तमानाच्या सुट्या प्रती, भजनांची पुस्तकं. दुसरीत पाट्या, लेखणी, किनाईन आणि खरजेवरचं मलम. पहिल्या पेटीसाठी मिशन आलंय. लोक दुसरीकडे बघताहेत.

आणि साहेब? साहेब घोड्यावरून पुढे गेलेत, बंदूक घेऊन. दचकू नका. वडाळ्याचे सॅम्युएल फेअरबँक पाद्री आहेत तसेच पाखरांचेही जाणकार आहेत. पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याला, आपल्या सातभाईच्या दूरच्या नातेवाइकाला, शास्त्रज्ञांनी त्यांचंच नाव दिलंय. याच वर्षी त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून येणार आहे. आत्म्यांच्या मागे हिंडता हिंडता पाखरांची नोंद ठेवणारा माणूस मला तरी आवडतो. नुसत्या आत्म्यांच्या मागे असलेल्या माणसाची जरा भीती वाटते.

वडाळ्याच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून आत वळते. ज्या खेड्यात शिरताय त्याचं नाव विचारू नका, या भागात अशी पुष्कळ आहेत. वेशीजवळ विहीर आहे. तुमचा घसा सुकलाय आणि तुम्ही सवयीने उतरून तिकडे चालू लागता. मोटेवरचा माणूस बैल थांबवतो.

"कुठलं म्हनायचं पाव्हनं? कोन जात?"

तुम्ही पुढचा-मागचा विचार करत उभे राहता. इथे आडनाव सांगून भागत नाही, तालुका सांगून भागत नाही. तुमच्या मागून बायबल बाई शांतपणे म्हणतात, "मिशनचं हायेत." झालं. तो बैलाकडे वळतो. तुम्हाला कुणी नाही म्हटलेलं नाही, फक्त पाणी मिळालेलं नाही.

पाणी मिळतं ते गावाबाहेर, महारवाड्यात. एक म्हातारी मडकं घेऊन येते आणि चार पावलांवर थांबते. तुमचे कपडे, तुमचे मऊ हात बघून तीच घाबरली आहे. "आमच्या हातचं चालंल का?" तुम्ही ओंजळ पुढे करता. ती उंचावरून धार धरते, भांड्याचा काठ तुम्हाला लागू नये म्हणून. सवय, दुसरं काय. पाणी गोड आहे, थोडं मातकट. एवढ्या घोटाने तुमची जात ठरली. आता वेशीच्या आत तुम्हाला कुणीही पाणी देणार नाही, आणि तुमची पदवी विचारायची तर कुणाला गरजच नाही.

शाळा तक्क्यात भरते. तक्क्या म्हणजे महारवाड्याची चावडी. पंचांची बैठक इथे, पाहुण्यांचा मुक्काम इथे, पावसात गुरंही इथेच. शेणाने सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, दाराला दार नाही. मुलं मोजा. एकोणीस. त्यांत मुली तीन, आणि त्यातल्या एकीच्या कडेवर भाऊ. भावाला सांभाळायचं असतं म्हणून ती आली आहे, की शाळेला यायचं म्हणून भावाला घेऊन आली आहे, हे तिलाही सांगता यायचं नाही.

तुम्ही आत शिरता तशी सगळी उभी राहतात आणि एका सुरात ओरडतात, "सलाम!"

यात विशेष काय, असं तुम्हाला वाटेल. बाहेर जाऊन बघा. कट्ट्यावर बसलेला याच मुलांपैकी एकाचा आजा पाटलाच्या माणसाला बघून वाकतोय आणि म्हणतोय, "जोहार, मायबाप." जोहार वाकूनच करायचा. सलाम उभ्याने करता येतो. मिशनने या माणसांना काय दिलं याच्या पोथ्या पुढे पुष्कळ लिहिल्या जातील, दोन्ही बाजूंनी, रागाने आणि प्रेमाने. माझ्या मते यादीत हा सलाम फार वर यायला हवा. पाटलाला तो आवडत नाही, यावरून त्याची किंमत कळते.

मास्तर तिशीचे असतील. तेही याच समाजातले, दुसऱ्या गावचे, मिशनमध्ये शिकलेले. गावात पंतोजीची शाळा आहे, तिथे ओनामासिधंने सुरुवात होते, पण या मुलांना तिच्या ओट्यावरही पाय ठेवता येत नाही. सरकारी शाळा कागदावर सगळ्यांच्या आहेत. कागदाचं काय होतं ते धारवाडच्या एका महार मुलाला विचारा. १८५६मध्ये त्याने सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला, आणि सरकारने बरीच चर्चा करून त्याला बाहेरच ठेवलं. त्याला आता वीस वर्षं झाली. म्हणून हा तक्क्या.

मुलं आधी धुळीत बोटाने अक्षर काढतात, ते जमलं की पाटी. मग पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. पाऊणकीत तुम्ही अडकता, आणि आठ वर्षांची पोर पुढे निघून जाते. खिशातला कॅल्क्युलेटर खिशातच राहू द्या.

आता तुमची पाळी. मास्तरांनी तुम्हाला पुढे बोलावलंय, पाहुण्यांनी मुलांना एक भजन शिकवावं म्हणून. तुम्हाला तुमचंच ॲक्शन साँग आठवतं. दोन्ही हात आकाशाकडे, मग कमरेवर, मग गिरकी. तुम्ही गिरकी घेता आणि एकोणीस मुलं हसून जमिनीवर लोळतात. असे हातवारे त्यांनी आजवर फक्त तमाशात पाहिलेत. बायबल बाईंनी तुमच्याकडे टाकलेली नजर तुम्ही पुणंभर शोधलीत तरी परत मिळायची नाही. तुम्ही खाली बसता. दहा मिनिटांनी कोपऱ्यात, मास्तरांची पाठ असताना, तीन पोरं तुमची गिरकी बिनचूक घेत असतात.

बाहेर लिंबाखाली अजून चार मुलं उभी आहेत. आत येत नाहीत. तुम्ही हाताने बोलावता, तर आतल्यांपैकी एकजण पटकन म्हणतो, "ती मांगाची हायेत." मास्तर दुसरीकडे बघतात. साहेबांनी दोनदा सांगितलंय सगळ्यांना एकत्र बसवा म्हणून. बसवलं तर महारवाड्यातले बाप आपली मुलं काढून नेतात आणि तक्क्याही काढून घेतात. तेव्हा मांगांच्या मुलांनी बाहेरून ऐकायचं. वेशीवर पाणी न मिळालेली माणसं स्वतःची वेस आखून बसली आहेत. तुम्हाला राग येतो. येऊ द्या, पण फार ऐटीत नको. एकवीस वर्षांपूर्वी, १८५५मध्ये, मिशनच्याच 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापला होता. फुल्यांच्या शाळेत शिकलेली, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांचं दुःख तिने असं मांडलं की मोठमोठे शास्त्री वाचून गप्प बसले असते, त्यांनी वाचलं असतं तर. लिंबाखालच्या त्या चौघांपैकी एक मुलगी आहे. ती काठीने मातीत काहीतरी ओढतेय. जवळ जाऊन बघा. 'ग' आहे, उलटा.

तिसऱ्या प्रहरी साहेब येतात आणि परीक्षा सुरू होते. हिवाळी दौऱ्याचा हा मुख्य भाग. तंबू वडाळ्याहून गाड्यांवर घालून गावोगाव फिरायचं, शाळा तपासायच्या, पाठांतर ऐकायचं, पास झालेल्याला पाटी किंवा अंगरखा द्यायचा. मुलं दहा आज्ञा घडाघडा म्हणतात, कुठेही न अडखळता, श्वास घेतील तर विसरतील अशा घाईने. मग विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा येते. साहेब थांबवून अर्थ विचारतात. एक काळासावळा, दात पडलेला मुलगा सांगतो की आइतवारी देवाने कुणालाच काम सांगितलेलं नाही. घरच्यांना नाही, गड्याला नाही.

"बैलाला?"

"बैलालाबी न्हाई."

साहेब खूश होतात. मुलगा मात्र खाली बसत नाही. "साहेब, आन् आइतवारी पाटलानं सांगावा घेऊन धाडलं तर?"

कुणीच बोलत नाही. गावचे सांगावे पोचवणं, सरकारी माणसाचं ओझं वाहणं, मेलेलं ढोर ओढणं, हे महाराचं काम, आणि त्याला वार नसतो. या कामावर बलुतं मिळतं, बलुत्यावर घर चालतं. जो बाप्तिस्मा घेतो आणि वेठ नाकारतो, त्याचं बलुतं गाव बंद करतं. सीनाय पर्वतावर पाटील नव्हता. साहेब मराठी चांगलं बोलतात, पण याला त्यांच्याकडे लगेच उत्तर नाही, आणि ते ओढूनताणून देत नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. मुलाला पाटी मिळते. प्रश्न तिथेच राहतो.

परीक्षा आटोपल्यावर त्या मुलाचा बाप मास्तरांना गाठतो. तुम्ही शेजारीच उभे आहात. पोराने एवढं म्हणून दाखवलं, त्याचा बापाला अभिमान आहे, पण त्याचं काम वेगळं आहे.

"मास्तर, ही समदी बुकं बाळबोधीत हायेत. मोडी कवा शिकिवनार?"

मास्तर सांगतात, संध्याकाळी घरी थोडं थोडं शिकवतोय. तुमच्या लक्षात येत नाही. छापील पुस्तक बाळबोधीत, शुभवर्तमान बाळबोधीत, देवाची भाषा वाचता येते, मग मोडी कशाला? कारण सावकाराचं खत मोडीत असतं. गेल्या मे महिन्यात, १२ तारखेला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी मारवाड्यांची घरं फोडली आणि कर्जाचे कागद ओढून काढून जाळले. ती आग मग नगर जिल्ह्यातही आली. सरकारने चौकशी नेमली, तीन वर्षांनी कायदा होईल, खतं सरकारी माणसासमोर वाचून दाखवून नोंदवावी लागतील. तोवर ज्याच्या नावाचा कागद, त्यालाच तो वाचता येत नाही. त्यांनी कागद जाळले, कारण वाचता आले नाहीत. या बापाला आपला कागद जाळायचा नाही.

रात्री कीर्तन आहे. हे चुकवू नका. बायबल मराठीत आणायला मिशनला बरीच वर्षं लागली, गाणं मराठीत आणायला त्याहून जास्त. विलायती चालींवर बसवलेली भजनं लोक आदराने ऐकत आणि दारापर्यंत जाईस्तोवर विसरत. मग कृष्णराव सांगळ्यांसारख्या मंडळींनी एकतारी उचलली, अभंगाची चाल घेतली, कीर्तनकाराचा फेटा बांधला, आणि लोक रात्र रात्र बसू लागले. नेवासं इथून फार दूर नाही. ज्ञानदेवांनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो तिथे आहे. कीर्तनाला बसलेल्या या म्हाताऱ्यांना देवळात पाऊल नव्हतं, पण अभंग भिंतीबाहेर ऐकूच येतात. त्यांच्या कानात ती चाल आधीपासून होती. मिशनने तिच्यात नवे शब्द घातले, आणि मला विचाराल तर चालीनेच शब्दांना वर घेतलं.

आज उधळ्या मुलाचं आख्यान आहे. उपदेशक दिवसभर पेंगत होते ते हेच का, असा प्रश्न पडावा असे उभे राहिलेत. धाकटा वाटणी मागतो, बायका हळहळतात. पैसे उडवतो, पुरुष हसतात. मग त्या परमुलखात दुष्काळ पडतो, आणि तक्क्यात एकदम शांतता होते. झांज थांबते. इथे दुष्काळाचं वर्णन करून सांगावं लागत नाही. लिंबाखालची चार मुलंही आता भिंतीला टेकून बसली आहेत, अंधारात कोण कुठे बसलंय ते दिसत नाही म्हणून.

तुमच्या पोटात मात्र गोळा येतो. तुम्हाला माहीत आहे. याच वर्षी पाऊस दगा देणार आहे. शाळवाचा हा हिरवा पट्टा पुढच्या जानेवारीत नसेल. माणसं दगड फोडायच्या कामावर जातील, गुरं विकतील, काही जातील ती परत येणार नाहीत. त्यानंतर मिशनच्या दाराशी रांगा लागतील, बाप्तिस्म्याचे आकडे वाढतील, आणि गावातले लोक म्हणतील, पोटासाठी बाटले. असं म्हणणाऱ्यांच्या पोटात त्या दिवशी काय होतं, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. पण उपाशी माणसाने दिलेला होकार मोजताना पाद्र्यांचाही हात थरथरायला हवा होता, एवढं मी म्हणेन. तुम्हाला वाटतं, उठून सांगावं. बी ठेवा, कडबा विकू नका. तुम्ही उठत नाही. आख्यानात बाप धाकट्याला लांबून बघून धावत निघालाय, आणि म्हातारी पदराने डोळे पुसतेय.

झोप लागते पहाटे, थंडीत, घोंगडी नाकापर्यंत ओढून. जाग येते ती कुणीतरी पायाला हात लावून हलवल्याने. कालचाच बाप. कमरेच्या कशात गुंडाळलेला एक कागद तो काढतो, चार घड्यांचा, कडा काळ्या पडलेल्या.

"पाव्हनं, तुमी लई शिकलेलं. साहेबाला इचारायची भीती वाटती, मास्तर वडाळ्याला गेल्यात. एवढं वाचून दावा."

तुम्ही कागद उलगडता. एका रेघेला लटकलेली, एकमेकांत गुंतलेली, हात न उचलता ओढलेली अक्षरं. मोडी. तुमच्या आजोबांना येत असेल. तुम्ही उजेडाकडे धरून बघता, पुन्हा उलटून बघता. एखादा 'ग' ओळखू येईल असं वाटतं, तोही येत नाही. खाली निशाणी आहे, तेवढी कळते, कारण ती अक्षर नाही.

"मला मोडी येत नाही," तुम्ही म्हणता.

तो तुमच्याकडे बघतो. अविश्वासाने नाही, जरा कीव आल्यासारखा. मग आत हाक मारतो. दात पडलेला मुलगा डोळे चोळत येतो, नवी पाटी काखेत. रात्री तो ती घेऊनच झोपला असणार. बाप कागद जमिनीवर पसरतो, चारही कोपऱ्यांवर खडे ठेवतो. मुलगा ओणवा होतो. बोट पहिल्या ओळीवर. ओठ हलतात, आवाज नाही. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीवर बोट मागे जातं, पुन्हा पुढे येतं. बाहेर कुणाच्या तरी घरी जात्याची घरघर सुरू झाली आहे.

"बा," तो मान वर न करता म्हणतो, "हितं चाळीस ल्हिवलंत."

बाप त्या अक्षरांकडे बघत राहतो.

"मी तर पंधराच घेतलं व्हतं," तो म्हणतो. "पुन्यांदा वाच."